“साऊथ साइडला जाऊ नकोस” : शिकागो, वर्ण आणि तुरुंग

मैत्रेयी_श

नमस्कार मंडळी,

२००६ साली आम्ही शिकागोच्या उपनगरात, शॉमबर्गला राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या एका काकूंनी डबाभर पोळ्या आणून दिल्या आणि जाताजाता दोन गोष्टी बजावल्या. हिवाळ्यात गाडीत कायम ब्लँकेट ठेव, आणि शहराच्या साऊथ साइडला, वेस्ट साइडला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, चुकूनही जाऊ नकोस. मी दोन्ही ऐकल्या. पुढे नव्याने आलेल्या कितीतरी जणींना मी स्वतः तेच सांगितलं.

मागच्या महिन्यात ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळासाठी हजर राहायचं, पत्र आलं. सव्विसावा रस्ता आणि कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू, म्हणजे कुक काउंटीचं मोठं फौजदारी न्यायालय. दगडी इमारत, १९२९ सालची, आणि तिला लागूनच काउंटीचा तुरुंग. ९६ एकरांवर पसरलेला.

ज्युरी निवडताना न्यायाधीश सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात. त्यातला एक: तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या नात्यातल्या कोणाला कधी अटक झाली आहे का? आम्ही चाळीसेक जण होतो. माझ्या ओळीत सगळे उपनगरांतले, बहुतेक गोरे, दोन-तीन आशियाई. एकाचाही हात वर गेला नाही. मागच्या ओळींत पाच कृष्णवर्णीय होते. पाचही हात वर गेले. एका आजींना विचारलं, कोणाला? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, “भाऊ, धाकटा मुलगा, दोन भाचे.” रेशनकार्डावरची नावं वाचून दाखवावीत तशी.

आरोपी विशीतला मुलगा. अंगातला कोट कोणाचा तरी मागून आणलेला असावा, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. त्याची आई मागे मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

माझी निवड झाली नाही, संध्याकाळी घरी आले. पण ते पाच हात डोळ्यांसमोरून हलत नाहीत. शहरात कृष्णवर्णीय एक तृतीयांशाहून कमी आणि या तुरुंगात दर चारांतले जवळपास तीन. हे झालं कसं? ज्यांनी या शहराचा इतिहास वाचलाय, जे इथे जगलेत, त्यांनी लिहा. “ते लोक तसेच” हे उत्तर मी खूप ऐकलंय, ते नको.

जुना_प्रवासी

रुमाल टाकून ठेवतो. उत्तर १९१९ पासून सुरू करावं लागेल. रात्री जेवण झालं की लिहितो.

नीलमोहर

वाचतेय. पाच हातांचा प्रसंग वाचून काटा आला.

बोरकूट

मलाही तीन वर्षांपूर्वी तिथेच बोलावलं होतं. आईला फोनवर म्हटलं, “उद्या सव्वीस आणि कॅलिफोर्नियाला जायचंय.” ती म्हणाली, “अरे, सव्वीस तारखेला कॅलिफोर्नियाला? तिकीट काढलंस का?” दोन दिवस ती माझ्या बॅगेत लाडू भरायचे म्हणून मागे लागली होती.

बाकी वातावरण अगदी असंच होतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत लहान मुलं कडेवर घेतलेल्या बायका किती असतात!

सडेतोड

मैत्रेयीताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपण दोन बॅगा घेऊन आलो. ओळख नाही, पाळख नाही, रंगही गोरा नाही. अभ्यास केला, नोकरी केली, घर घेतलं. गुन्हा केला तर तुरुंग, त्यात रंगाचा काय संबंध? शिकागोत १९९२ साली एका वर्षात ९००हून जास्त खून झाले. ते कोणी केले आणि कोणाचे केले, हेही बघा. पोलीस तिथे जास्त जातात, कारण गुन्हे तिथे जास्त होतात.

जुना_प्रवासी

आलो. लांबण लागेल. चाळीस वर्षं इथे स्थापत्य अभियंता म्हणून काम केलं, त्यामुळे मी रस्ते आणि घरांपासूनच सुरुवात करणार.

१९१० साली शिकागोत कृष्णवर्णीय साधारण ४४,००० होते, लोकसंख्येच्या २ टक्के. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून मजूर यायचे थांबले आणि कत्तलखान्यांना, पोलाद कारखान्यांना माणसं हवी झाली. दक्षिणेतल्या मिसिसिपी, अलाबामातून लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने इथे येऊ लागले. ‘शिकागो डिफेंडर’ नावाचं कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र रेल्वेतले पुलमन पोर्टर, म्हणजे झोपायच्या डब्यांतले कृष्णवर्णीय सेवक, लपवून दक्षिणेत पोचवायचे. तिथे ते वाचून माणसं गाडीत बसायची. १९७० पर्यंत हीच संख्या ११ लाखांवर, शहराच्या एक तृतीयांशावर गेली.

आता १९१९. २७ जुलै, रविवार, उकाडा. मिशिगन तळ्यात लाकडी तराफ्यावर खेळणारी काही मुलं एकोणतिसाव्या रस्त्याच्या किनाऱ्याकडे वाहत आली. गोऱ्यांनी तो किनारा आपला मानलेला होता. एका गोऱ्याने दगड मारले आणि यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा बुडून मेला. लोकांनी दगड मारणारा दाखवून दिला, तरी तिथल्या पोलिसाने त्याला पकडायला नकार दिला. दंगल पेटली. ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. आणि खटले कोणावर? सरकारी वकील एकामागून एक कृष्णवर्णीय आरोपीच उभे करायला लागले, तेव्हा गोऱ्या ग्रँड ज्युरीनेच (कोणावर खटला भरायचा हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) काम थांबवलं आणि विचारलं, गोरे आरोपी कुठे आहेत?

सडेतोड, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. अमली पदार्थांचा बाजार नव्हता, टोळ्यांची लढाई नव्हती, तेव्हाही पकडायचं कोणाला हे ठरलेलं होतं. टोळ्या म्हणाल तर त्या उन्हाळ्यात गोऱ्या तरुणांच्या ‘ॲथलेटिक क्लब’ नावाच्या टोळ्याच हल्ले करत होत्या.

यानंतर घरांच्या करारपत्रांत कलमं आली की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. अशी कलमं कोर्टाने अमलात आणायची नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं. तोवर लाखो माणसं साऊथ साइडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबली गेली होती. १९३४ नंतर केंद्र सरकार गृहकर्जाला हमी द्यायला लागलं, पण नकाशावर जिथे लाल रेघ, तिथे हमी नाही. म्हणजे बँक नाही. मग दलाल आले. घाबरवलेल्या गोऱ्याकडून घर स्वस्तात घ्यायचं आणि कृष्णवर्णीयाला दुप्पट-तिप्पट भावाने हप्त्यावर द्यायचं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला की घर गेलं, भरलेले पैसे गेले, आणि तेच घर पुढच्याला. सावकारीच ही, आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

आणि आपण दोन बॅगा घेऊन आलो, हे खरंच आहे. पण दार कोणी उघडलं? भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना यायची मुभा होती. १९६५ च्या कायद्याने ती मर्यादा गेली, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या हवेत पास झाला. आपल्या व्हिसामागे या लोकांनी खाल्लेला मार आहे. शिवाय माझ्या बॅगेत सरकारी खर्चाने मिळालेली इंजिनिअरिंगची पदवी होती. ती हलकी होती का?

नीलमोहर

शेवटचा परिच्छेद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

खडूफळा

जुना_प्रवासी यांनी घरांचं सांगितलं, मी नोकऱ्यांचं सांगतो. मी वेस्ट साइडला नॉर्थ लॉनडेल भागात अकरा वर्षं गणित शिकवलं.

लॉनडेलमध्ये १९५० साली ८७ टक्के गोरे होते, बरेचसे ज्यू. १९६० साली ९१ टक्के कृष्णवर्णीय. दहा वर्षांत! वरच्या प्रतिसादातले हप्त्यावाले दलाल इथे सगळ्यात जास्त होते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ च्या जानेवारीत मुद्दाम इथल्याच एका पडक्या चाळवजा इमारतीत भाड्याने राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्केट (Marquette) पार्कमधून मोर्चा नेला तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला.

या भागाचं पोट सीअर्सवर होतं. कॅटलॉगवरून अख्ख्या अमेरिकेला सामान पाठवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथे होतं, होमन ॲव्हेन्यूवर, १९०६ पासून. १९७३-७४ साली मुख्यालय शहराच्या मध्यात त्या उंच मनोऱ्यात गेलं. १९८७ साली कॅटलॉगचं केंद्रही बंद झालं. हार्वेस्टर गेली, वेस्टर्न इलेक्ट्रिक गेली. कत्तलखाने १९७१ लाच संपले होते. साऊथ साइडचा मोठा पोलाद कारखाना १९९२ साली बंद पडला. लॉनडेलची लोकसंख्या सव्वा लाखावरून पस्तीस हजारांवर आली.

मग त्या रिकाम्या सीअर्सच्या आवारातल्या एका इमारतीत कोण आलं, माहीत आहे? पोलीस. होमन स्क्वेअर. तिथे नेलेल्या माणसाचा पत्ता घरच्यांना आणि वकिलांना लागत नसे, हे २०१५ साली ब्रिटिश वर्तमानपत्राने उघडकीला आणलं. दहा-अकरा वर्षांत ७,०००हून जास्त लोक तिथे नेले होते, बहुसंख्य कृष्णवर्णीय. आजोबा ज्या आवारात कामाला जायचे, तिथेच नातवाला बेड्या घालून नेलं. मी हे वर्गात कधी बोललो नाही. पोरांनीच मला सांगितलं.

अनय_होएस्टे

@खडूफळा, सीअर्सचं वाचून थबकलो. त्या मनोऱ्यातून सीअर्स १९९२ च्या सुमारास आमच्याकडे, हॉफमन इस्टेट्सला आली. माझं पहिलं कंत्राटी काम तिथलंच. कॅन्टीनमध्ये आम्ही आठ-दहा मराठी असायचो. लॉनडेलमधून निघालेली नोकरी अशी फिरत फिरत माझ्या ताटात आली, हे वीस वर्षांनी कळतंय. तिकडून इथे यायला गाडी नसेल तर रेल्वे आणि बस मिळून दोन तास. कोण येणार?

ॲड_केतकी

इलिनॉयमध्ये वकिली करते, म्हणून कायद्यांपुरतं लिहिते. सडेतोड म्हणतात गुन्हा केला तर तुरुंग. पण गुन्हा कशाला म्हणायचं आणि त्याची किंमत किती, हे कायदा ठरवतो, आणि १९७० नंतर ती किंमत बदलत गेली.

इलिनॉयने १९७८ साली पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी मंडळाने सोडायची सोय, बंद केला. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला, म्हणजे खड्याच्या कोकेनला, किमान पाच वर्षं, आणि पावडर कोकेनला तीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. वस्तू एकच. एक गरीब वस्तीत विकली जायची, दुसरी पार्ट्यांत. २०१० पर्यंत हे प्रमाण शंभरास एक राहिलं, नंतरही अठरास एक. १९९५ पासून इलिनॉयमध्ये खुनाची शिक्षा शंभर टक्के आणि इतर गंभीर गुन्ह्यांची पंचाऐंशी टक्के भोगलीच पाहिजे असं झालं. राज्याच्या तुरुंगांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांच्या आसपास माणसं होती. २०१३ साली सुमारे ४९,०००. लोकसंख्या काही आठपट झाली नव्हती.

शिकागोचीच दोन उदाहरणं. १९९२ साली शहराने नियम केला की टोळीतला वाटणारा माणूस कोणाबरोबर रस्त्यावर “काही उघड हेतू नसताना” उभा असेल आणि सांगूनही हलला नाही, तर अटक. तीन वर्षांत ४२,०००हून जास्त अटका! सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तो नियम रद्द केला. तोवर ४२,००० वेळा कोणाच्या तरी नावापुढे ‘अटक’ लागून गेली होती. मैत्रेयी, त्या पाच हातांपैकी एखादा याचाही असेल.

दुसरं जास्त जिव्हारी लागतं. जगातलं पहिलं बाल न्यायालय याच शहरात १८९९ साली सुरू झालं. मूल चुकलं तर त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही, सांभाळायचं, हा विचार समाजसेविका जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रिणींनी इथे रुजवला. आणि त्याच शहरात १९८० च्या दशकात कायदा लागू झाला की शाळेपासून, आणि पुढे सरकारी वसाहतीपासून, १,००० फुटांच्या आत १५-१६ वर्षांचा मुलगा अमली पदार्थ विकताना सापडला तर खटला थेट प्रौढांच्या कोर्टात. उपनगरात शाळा मैदानाच्या मधोमध असते. शहरात हजार फुटांत शाळा नाही असा कोपरा शोधून दाखवा. त्या कायद्याखाली प्रौढ ठरवलेली कुक काउंटीतली मुलं जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती. २००५ साली तो बदलला.

बोरकूट

केतकीताईंच्या “पार्ट्यांत” या शब्दावरून सांगतो. मी इथल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिलो. शुक्रवारी रात्री आमच्या मजल्यावर जे चालायचं, ते लॉनडेलच्या कोपऱ्यावर चाललं असतं तर अर्धा मजला आत गेला असता. आमच्याकडे फार तर वॉर्डन दार वाजवायचा. ती मुलं आज डॉक्टर आणि वकील आहेत. आणि २०२० पासून इलिनॉयमध्ये गांजा कायदेशीर आहे, काचेची चकचकीत दुकानं आहेत. त्याच गांजासाठी ज्यांची वर्षं गेली त्यांचं काय?

सडेतोड

सगळं वाचलं. काही गोष्टी मला खरंच माहीत नव्हत्या, सीअर्सची आणि हजार फुटांची. मान्य करतो. पण माझा मुद्दाही कोणी हातात घेतलेला नाही.

माझा मामेभाऊ साऊथ साइडला पेट्रोल पंप चालवायचा. जाड काचेमागे बसून. २००९ साली त्याच्या नोकरावर गोळी झाडली गेली. वाचला, पण डावा हात गेला. इतिहास काहीही असो, त्या रात्री गोळी झाडणारा एक माणूस होता. त्याला पकडायचं की नाही?

खडूफळा

@सडेतोड, पकडायलाच हवं. तुमच्या मामेभावाच्या प्रकरणात कोणाला पकडलं का?

सडेतोड

नाही. कधीच नाही. दोनदा जबाब घेतला, मग कोणी फिरकलं नाही. आता आठवलं म्हणून लिहितो, नोकराला दवाखान्यात रोज डबा घेऊन यायची ती शेजारच्या गल्लीतली एक कृष्णवर्णीय बाई. तिचा स्वतःचा मुलगा आदल्या वर्षी गोळीने गेला होता. त्यातही कोणी पकडलं गेलं नव्हतं.

खडूफळा

हेच. शिकागोत कित्येक वर्षं निम्म्याहून जास्त खुनांचा उलगडाच होत नव्हता. कोपऱ्यावर उभं राहिलं म्हणून पकडायला पोलीस आहेत, पण मुलगा मारला गेला तर मारेकरी सापडत नाही. त्या वस्तीतल्या आयाच पोलीस मागतात, मोर्चे काढून मागतात. त्यांना जे हवं होतं आणि जे मिळालं त्यात फार अंतर आहे.

माझ्या सातवीतल्या एका मुलाची गोष्ट. सोमवारी हमखास वर्गात झोपायचा. मी ओरडलो. मग कळलं, त्याचे वडील मेनार्डच्या तुरुंगात, राज्याच्या पार दक्षिण टोकाला. महिन्यातून एकदा रविवारी पहाटे तीनला आजीबरोबर निघायचा आणि मध्यरात्री परत यायचा. त्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने रस्ता काढला होता, प्रत्येक गावाचं नाव, मधलं अंतर, आणि बेरीज. जाऊन-येऊन सातशे मैलांच्या वर. बेरीज बरोबर होती. मी त्याला त्या पानावर दहापैकी दहा दिले आणि सोमवारचा पहिला तास झोपू द्यायला लागलो.

पिंपळपान

😢

शांताराम७२

मुंबईहून लिहितोय. शिकागो म्हटलं की आमच्या पिढीला एकच नाव आठवतं, फ्रेड हॅम्पटन, ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा तरुण नेता, पोलिसांनी मारलेला. ४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाच. सरकारी वकिलाच्या हाताखालचे चौदा पोलीस वेस्ट मन्रो रस्त्यावरच्या घरात शिरले. नव्वदहून जास्त गोळ्या पोलिसांच्या, पँथरांची एक. फ्रेड २१ वर्षांचा, झोपेत होता, शेजारी दिवस भरत आलेली त्याची सोबतीण. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. पोलिसांनी नंतर घर बंद केलं नाही, म्हणून हजारो लोक रांगा लावून आत गेले आणि भिंतीतली भोकं स्वतः पाहून आले. कोणीही तुरुंगात गेलं नाही. १९८२ साली साडेअठरा लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

काय करत होता तो पोरगा? लहान मुलांना सकाळचा नाश्ता द्यायचा, आणि पोर्तोरिकन तरुणांना, दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांना एकत्र आणायचा. हे एकत्र येणं जास्त धोक्याचं वाटलं असणार.

इथे १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिथूनच घेतलं. आणि नातं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. म्हणून महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसाने “ते लोक तसेच” म्हटलं की मला जास्त लागतं.

पिंपळपान

थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरगुती गप्पांत या लोकांसाठी जो शब्द सर्रास वापरला जातो, तो सगळ्यांना माहीत आहे, मी इथे लिहिणार नाही. परवा एका वाढदिवसाला तो एका आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकला. त्याने तो आपल्यापैकीच कोणाकडून तरी घेतला असणार. मी त्या दिवशी गप्प बसले, याचं वाईट वाटतं. पुढच्या वेळी बोलणार आहे.

भटकंती_सोलापूर

अवांतरात अवांतर. शांतारामकाका, आमच्या सोलापुरातली सेटलमेंट, म्हणजे ‘गुन्हेगार’ जमातींना कोंडून ठेवायची वसाहत, आठवली. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. “गुन्हे तिथे जास्त होतात म्हणून पोलीस तिथे जास्त जातात” हे वाक्य आमच्याकडे शब्दशः असंच बोललं जातं.

जुना_प्रवासी

@भटकंती_सोलापूर, यावर वेगळा धागा काढा, जरूर. इथे शिकागोवर परत येऊ या, कारण बर्जचं नाव अजून कोणीच घेतलेलं नाही.

वैदेही_हाइडपार्क

मी घेते. मी साऊथ साइडलाच राहते, बारा वर्षं झाली. (काकूंना सांगा, तळ्याकाठी सकाळी फार छान वाटतं.)

माझ्या मुलीला आठवीत शाळेत हा विषय होता. जॉन बर्ज हा पोलीस कमांडर. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्यांनी शंभराहून जास्त माणसांचा छळ करून कबुलीजबाब काढले, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, टाइपरायटरचं झाकण, हाताने फिरवायच्या यंत्रातून विजेचे झटके. १९८२ साली अँड्र्यू विल्सन या आरोपीला तपासून तुरुंगाच्या दवाखान्यातले डॉक्टर जॉन राबा यांनी पोलीसप्रमुखांना पत्र लिहिलं की याचा छळ झालाय, चौकशी करा. पोलीसप्रमुखांनी ते सरकारी वकिलांकडे पाठवलं. सरकारी वकील होते रिचर्ड एम. डेली. छळाबद्दल खटला झाला नाही. डेली पुढे बावीस वर्षं शहराचे महापौर होते.

विल्सनने दोन पोलिसांना मारलं होतं, म्हणून कोणाला त्याची दया येत नव्हती. पण त्याच खोल्यांतून निरपराध माणसंही फाशीच्या कोठडीत गेली. गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी २००० साली फाशी थांबवली, कारण १९७७ पासून राज्याने १२ जणांना मारलं होतं आणि १३ जण निर्दोष निघाले होते. २००३ साली जाताजाता त्यांनी बर्जच्या छळातून फाशीपर्यंत गेलेल्या चौघांना माफी दिली आणि बाकी सगळ्यांची फाशी रद्द केली. २०११ साली राज्यातून फाशीच गेली. बर्जवर छळाचा खटला कधी चालला नाही, मुदत संपली होती. २०१० साली शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरला, साडेचार वर्षं शिक्षा.

२०१५ साली शहराने अधिकृत माफी मागितली, ५५ लाख डॉलर भरपाई ठेवली, आणि त्या ठरावातच लिहिलं की आठवीत आणि दहावीत हे शिकवायचं. मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, टाइपरायटर म्हणजे काय?” मी फोनवर चित्र दाखवलं. ती बराच वेळ झाकणाकडे बघत होती.

नीलमोहर

बापरे. आणि त्याच वर्षी लकवान मॅकडोनाल्डची चित्रफीत बाहेर आली ना? १७ वर्षांचा मुलगा, पोलिसाच्या सोळा गोळ्या. चित्रफीत बाहेर यायला तेरा महिने लागले होते.

सई_मनुष्यबळ

सुटल्यावर काय होतं तेही लिहिते. मी एका मोठ्या गोदामाच्या कंपनीत भरती बघायचे. अर्जावर चौकोन असायचा: गुन्हा सिद्ध झाला आहे का? खूण असलेले अर्ज उघडायचेच नाहीत, अशी सूचना होती. एकदा एका पन्नाशीच्या माणसाने चौकोनात खूण करून शेजारी पेनने लिहिलं होतं, “१९९४, गांजा, कृपया पुढचं पान वाचा.” पुढच्या पानावर वीस वर्षांचा फोर्कलिफ्ट चालवण्याचा अनुभव. मी तो अर्ज वरिष्ठांकडे नेला. परत आला. इलिनॉयमध्ये २०१५ पासून बहुतेक खासगी कंपन्यांना पहिल्या अर्जात हे विचारता येत नाही. त्या माणसाचा नंबर मी तेव्हा लिहून ठेवायला हवा होता.

ॲड_केतकी

मैत्रेयी, तुम्ही तुरुंग पाहिलात म्हणून एक गोष्ट सांगते. त्या ९६ एकरांतली बहुतेक माणसं दोषी ठरलेली नसतात, खटल्याची वाट बघत असतात. २०१३ च्या सुमारास तिथे दहा हजारांवर लोक होते. जामिनाच्या रकमेचे दहा टक्के भरले की घरी. हजार डॉलर नाहीत म्हणून माणूस महिनोन्महिने आत. तेवढ्यात नोकरी जाते, घर जातं, आणि शेवटी घरी जायला मिळतं म्हणून न केलेला गुन्हाही कबूल करतो. वर २०१२ साली शहराने बारापैकी सहा मानसोपचार केंद्रं बंद केली, ते रुग्णही इथेच आले. २०१५ साली या तुरुंगाच्या प्रमुखपदी एका मानसशास्त्रज्ञ बाईंना नेमलं होतं, यावरून समजा.

१८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयमध्ये पैशांचा जामीन पूर्ण बंद झाला. असं करणारं हे पहिलं राज्य. आता न्यायाधीशाने ठरवायचं, हा धोकादायक आहे की नाही, पळेल की नाही. शहर बुडेल म्हणून जाहिराती आल्या होत्या. बुडालं नाही. माझ्या रोजच्या कामात फरक दिसतो. पूर्वी आया विचारायच्या, “किती भरायचे?” आता विचारतात, “सुनावणी कधी?”

सडेतोड

केतकीताई, एक प्रश्न. धोकादायक कोण हे ठरवणारी माणसं तीच ना?

ॲड_केतकी

तीच. म्हणून तर सुनावणीला वकील उभा लागतो. चांगला प्रश्न विचारलात.

मैत्रेयी_श

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री हेच वाचतेय. काकूंना फोन केला होता. त्या आता ऐंशीच्या आहेत. विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिकडे जाऊ नका म्हणून? म्हणाल्या, “आम्हाला घर दाखवणाऱ्या एजंटने, १९७४ साली. आणि तो गोरा एजंट दुसऱ्या एका गल्लीतही आम्हाला नेत नव्हता. तिथले लोक आपल्याला चालवून घेणार नाहीत म्हणाला.” पन्नास वर्षांत त्यांनी ही दुसरी गोष्ट कोणाला सांगितली नव्हती.

खडूफळा, ते सीअर्सचं आवार बघता येतं का?

खडूफळा

बाहेरून येतं. जुना चौदा मजली मनोरा अजून उभा आहे, आत आता मुलांचे वर्ग चालतात. ब्लू लाइनने केडझी-होमन स्टेशनला उतरा, तिथून दक्षिणेला दहा मिनिटं चालत. शनिवारी सकाळी दहाला मी स्टेशनबाहेर थांबतो. माझा तो सातशे मैलवाला विद्यार्थी तिथे शिकवतो, त्यालाही विचारून बघतो.

मैत्रेयी_श

येते. मुलालाही आणते, सतरा वर्षांचा आहे.

अनय_होएस्टे

मीही येतो. हॉफमन इस्टेट्सहून गाडी काढतोय, तिघांना जागा आहे.

सडेतोड

एक जागा मला ठेवा.